द्वारकेवरची उजळणी

द्वारका चौकात एक कंटेनर आडवा झाला होता. त्याच्या मागे बस, टेम्पो, रिक्षा, सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. त्या गलक्यात आईच्या स्कूटीवर मागे बसलेल्या तेजलच्या डोक्यात मात्र सामसूम झाली होती.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेदहाला केंद्रावर हजर व्हायचं होतं. दहावीचा विज्ञान भाग एकचा पेपर.

"मम्मी, मला काहीच आठवत नाहीये!" ती आईच्या कानाशी ओरडली. "एक सूत्र आठवत नाही. मी नाही जात. घरी चल."

घाबरू नको, येईल सगळं, असं आई म्हणेल आणि आपल्याला रडू फुटेल, अशी तेजलला खात्री होती. सकाळपासून पप्पा तेच म्हणत होते, काका तेच म्हणत होते, दूध घालायला आलेला माणूससुद्धा तेच म्हणाला होता.

"बरं, नको जाऊ," तिची आई प्रतिभा म्हणाली. "तसंही आता मागं वळता येत नाही. तोवर मला एक सांग. चंद्रावर गेलं की आपलं वस्तुमान कमी होतं ना?"

"वस्तुमान नाही, वजन! वस्तुमान तेवढंच राहतं."

"म्हणजे आपली तीस किलोची झेंडूची गोणी तिथं वीस किलो भरंल."

"पाच! सहावा भाग गं मम्मी! चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे!"

शेजारचा मोटरसायकलवाला हेल्मेटच्या आतून हसला. तेजलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तीस किलोचे वीस? इतकं समजावून सांगितलं होतं हिला!

आडगावच्या त्यांच्या घरी गेलं वर्षभर हेच चाललं होतं. संध्याकाळी प्रतिभा हार ओवायला बसली की विचारायची, "आज काय शिकवलं?" तिची स्वतःची शाळा नववीत सुटली होती. लग्न झालं, मग फुलांचा मळा, मग तेजल. आपण पुस्तक खाली ठेवू नये म्हणून आई विचारते, हे तेजलला पक्कं ठाऊक होतं. कधी ती आनंदाने शिकवायची, कधी वैतागायची. प्रतिभा मात्र एक दिवस चुकली नाही. मार्क किती पडले, हे तिने कधीच विचारलं नाही. का, कसं, हेच विचारायची.

"अन् ज्याला दूरचं दिसत नाही, त्याला दूरदृष्टिता," प्रतिभा पुढे म्हणाली.

"उलटं सांगतेस! ती निकटदृष्टिता! प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते ना, म्हणून..." तेजलने आईच्या पाठीवर बोटाने भलामोठा डोळा काढला. त्यात भिंग काढलं, किरण आत सोडले, ते अलीकडे मिळवून दाखवले. "आता इथं अंतर्गोल भिंग ठेवलं की ते मागं सरकतात. कळलं?"

"बहिर्गोल ठेवलं तर?"

"तर त्या बिचाऱ्याला होतं तेही दिसायचं नाही!"

कंटेनर हलला. प्रतिभाने स्कूटी दोन रिक्षांच्या फटीतून अशी काढली की तेजलने किंचाळून तिची कंबर धरली. पण तोंड थांबलं नाही. आवर्तसारणी झाली, उष्णता झाली, पाण्याचं असंगत आचरण झालं. दहा सत्तावीसला ती फाटकाशी उडी मारून उतरली आणि धावत सुटली. आपण घरी जायचं ठरवलं होतं, हे तिला वर्गात बाकावर बसल्यावर आठवलं.

एकच्या पुढे घंटा झाली. तेजल मैत्रिणींना ढकलत बाहेर आली.

"मम्मी! एक पाच मार्कांचं थोडं चुकलं असेल. बाकी सगळं लिहिलं! वेळ उरला मला, वेळ!"

प्रतिभा कडुनिंबाखाली उभी होती. पेपर तिनेच दिला असावा, तसे तिचे गाल लाल झाले होते.

"खरं सांग," तेजल धापा टाकत म्हणाली. "सकाळी तू मुद्दाम चुकत होतीस ना?"

"चंद्राचं मुद्दाम. तुला चिडवल्याबिगर तू बोलती होत नाहीस." प्रतिभा हसली, मग जरा ओशाळली. "डोळ्याचं मात्र खरंच चुकलं. आज ते परत नीट शिकव."

"आता कशाला? झाला ना पेपर!"

प्रतिभाने हातातला घडी केलेला कागद तिच्यापुढे धरला. "तू आत होतीस, तेवढ्यात तुझ्या शाळेत जाऊन आले. कारकून सरांनी सांगितलं ते सगळं लिहून घेतलं."

कागदावर आईचं गोल, सावकाश अक्षर होतं. शाळा सोडल्याचा दाखला. आधार कार्ड. दोन फोटो. सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं: सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी.

तेजलने कागद दोनदा वाचला आणि आईकडे पाहिलं.

"तुझा झाला," प्रतिभा म्हणाली. "माझा पुढच्या मार्चमध्ये आहे."