तीन वाजताची लाइन

नारिन शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी डोंगरातल्या गावांच्या इंटरनेट लाइनींवर नजर ठेवतो. बुरुलसुन आजींची लाइन रोज दुपारी बाराला बंद पडायची आणि तीनच्या ठोक्याला आपोआप सुरू व्हायची. वेळ पाळणारा बिघाड मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. शेवटी जीप काढून वर गेलो.

आजींच्या दारावरच तार तुटलेली होती. मधल्या वीतभर जागेत लोकरीचा दोरा बांधलेला, उन्हानं खडखडीत वाळलेला.

“आजी, अहो, दोऱ्यातून कुठं इंटरनेट जातं?”

“जातं की. तीन वाजू देत.”

तीनला त्या आमच्याकडच्या खाऱ्या चहाचा वाडगा घेऊन बाहेर आल्या. मी सवयीनं हात पुढे केला.

“सरक बाजूला. तुला मग.”

स्टुलावर चढून त्यांनी तो चहा दोऱ्यावर हळूहळू ओतला. दोरा भिजला, आणि आत मोडेमचा दिवा लुकलुकत हिरवा झाला. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, हे मी पुस्तकात शिकलो होतो. तरी नकळत मी डोक्यावरची टोपी काढली.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“त्यात शिकवायचंय काय? माझा मुलगा सागिनबेक रोज तीनला याच तारेवरून मॉस्कोहून घरी येतो. एवढ्या लांबून दारात आलेल्याला आधी चहा नको?”