भरलेली बाकं

अमेरिकेत जॉर्जियातल्या त्या जुन्या बाप्टिस्ट चर्चमध्ये कारभारी असलेला डीकन टिडवेल म्हणेल ती पूर्व दिशा. नवे पास्टर एल्डन रुजू झाले त्याच दिवशी त्याने ऐकवलं, "वर्षभरात बाकं भरली नाहीत, तर बाडबिस्तरा गुंडाळायचा, पास्टर!"

पास्टरनी बाकं भरली. दर रविवारी दोघं-तिघं बाप्तिस्म्याच्या हौदातून निथळत वर येत, आणि टिडवेल मोठ्या तोऱ्यात टॉवेलने त्यांची डोकी पुसे. बाप्तिस्मा झाला की माणूस सभासद, आणि सभासदाला मत.

वार्षिक सभेत पास्टर उभे राहिले.

"नवऱ्याला सोडलं म्हणून ब्रदर टिडवेलनी एका बाईला या मंडळीतून हाकललं होतं. आता त्यांनाच काढावं, असा माझा ठराव आहे. कबूल असेल त्यांनी हात वर करा."

"कोण ती बाई? मला तर आठवतही नाही!" टिडवेल हसत हसत मागे वळला, आणि त्याचं हसू विरलं. त्याने पुसलेल्या एकूण एक डोक्याच्या वर हात गेला होता.



"माझी आई," पास्टर म्हणाले. "तिला काढायला अकरा हात वर गेले होते, ब्रदर. हे तुम्हीच मोजा."