साक्षीच्या दिवशीचे बूट

ठाण्याच्या साहेबांनी कोठडीत एका टेम्पोवाल्याचा हात मोडला आणि त्या पठ्ठ्याने थेट साहेबांवरच दावा ठोकला. मारताना पाहणारी एकटी ती, त्याच ठाण्यातली शिपाई, होती, कारण तेव्हा कोठडीवर तिचा पहारा होता. "काही दिसलं नाही म्हण आणि मोकळी हो, बाई," असं सांगून सांगून अख्खं ठाणं थकलं.

साक्षीच्या दिवशी सकाळीच साहेबांचा फोन आला, तोही तिच्या बापाला. बाप पोलिसातच शिपाई म्हणून रिटायर झालेला.

"हो साहेब. समजावतो साहेब." बाप अजूनही फोनवर उभा राहूनच बोलायचा.

फोन ठेवून त्याने विचारलं, "कोर्टात साध्या कपड्यांत जाणार?"

"नाही, वर्दीत. तोंड लपवायला जात नाहीये मी. नोकरी गेली तर गेली, बाबा."

बाप दारात फतकल मारून बसला, तिचे बूट मांडीवर ओढले आणि पॉलिशचं फडकं घासत सुटला.

"बाबा, ठेवा ते! मी करते ना."

"गप गं. उभी नोकरी साहेबलोकांचे बूट चमकवण्यात गेली," तो मान वर न करता म्हणाला. "आज पहिल्यांदा पोलिसाचे चमकवतोय."