आपोआप मिटणारी पानं

हेमलताबाईंच्या फ्लॉवरचे गड्डे यंदा पहिल्यांदाच पिवळे पडले. एरवी कॉलनीमागच्या वाफ्यांत त्यांच्याइतका पांढराशुभ्र फ्लॉवर कुणाचाच नसायचा. बाकीच्या बायका गड्ड्याला ऊन लागू नये म्हणून भोवतीची पानं मोडून त्यावर झाकायच्या. हेमलताबाई मात्र तोऱ्यात सांगायच्या, "माझ्या हाताला गुण आहे. माझी पानं आपोआप मिटतात."

शेजारचा वाफा गायधनीवहिनींचा. वीतभर बांधावरून भांडण झालं आणि दोघींनी वर्षानुवर्षं अबोला धरला. वहिनी यंदाच्या पावसाळ्यात वारल्या, तेव्हाही हेमलताबाई त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरल्या होत्या.

एके दिवशी वहिनींचे यजमान त्या ओस वाफ्यातलं गवत उपटायला आले. बांधापलीकडचे पिवळे गड्डे पाहून ते थबकले.

"यंदा पानं मोडली नाहीत का?" त्यांनी विचारलं. "ही तर रोज उजाडताच तुमच्या वाफ्यात असायची. आधी तुमची पानं मोडायची, मग आमची. मला वाटायचं, तुमचं बोलणं सुरू झालंय."

ते गेल्यावर हेमलताबाई मातीतच बसल्या. मागाहून धरलेल्या कोवळ्या गड्ड्यांवर त्यांनी एकेक पान मोडून झाकलं. बांधाजवळचा एक गड्डा तेवढा मुद्दाम उघडा ठेवला.

तेव्हापासून सकाळचा चहाही न घेता त्या आधी बांधाशी जाऊन उभ्या राहतात. तो गड्डा दिवसेंदिवस पिवळा पडत चाललाय.

"वहिनी," त्या हळूच म्हणतात, "हा एक राहिलाय."