पांढरे मोजे

या मायबापहो, जवळ सरकून बसा. पुसदकडच्या एका गोरक्षणातली, म्हणजे गोशाळेतली, गोष्ट सांगतो.

रानालगत सापडलेलं सोनेरी पिल्लू कुणीतरी गाईचं वासरू समजून तिथं आणून सोडलं. तिथल्या गाईवासरांचं बघणाऱ्या रत्नप्रभाकाकूंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पुढं त्याचा रंग काळवंडला, चारही पायांवर पांढरे मोजे उमटले, आणि हा तर रानगवा आहे हे काकूंना कळून चुकलं. तेव्हापासून त्या रोज सकाळी त्याचे पाय चिखलानं लिंपायच्या.

एक दिवस वनरक्षक अवधूत आला. गव्यांचं हरवलेलं पिल्लू शोधून त्याला परत कळपात सोडायचं होतं.

"काकू, याच्या पायाले चिखल काहून?"

"माशा लय बसतात, बाबू."

अवधूत फाटकाकडे वळला. तेवढ्यात टेकडीवरून गव्यांचं हंबरणं ऐकू आलं. पिल्लू तोंडातली बाटली सोडून कुंपणाकडे धावलं आणि कान टवकारून तिथंच उभं राहिलं.

"थांब, बाबू," काकू म्हणाल्या. त्यांनी पाण्याची बादली आणली, खाली बसल्या, आणि दारी आलेल्या साधूचे धुवावेत तसे पिल्लाचे चारही पाय धुतले.

येत्या वसुबारशीला वासराला ओवाळाल, तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.