टेपवरची दाद

“बाबा, हा ‘वा’ मी पुसतेय,” आश्लेषा म्हणाली.

सिॲटलजवळच्या बॉथेलमधल्या घरात बेसमेंटमध्ये तिचा स्टुडिओ होता. जुन्या टेप साफ करणं हा तिचा धंदा. समोर टॉर्स्टन एकमार्क या स्वीडिश संगीतकाराची चार व्हायोलिनांसाठीची रचना चालू होती. हयातीत त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. चाळीसेक वर्षांपूर्वी सिॲटलच्या एका चर्चमध्ये ही रचना एकदाच वाजली आणि ही टेप तेवढी उरली. चारही व्हायोलिनं हळूहळू थांबत आली होती आणि नेमक्या त्या शांततेत कुणीतरी मनापासून म्हणालं होतं, ‘वा!’

त्या दिवशी तिथे मराठी माणूस एकच होता, तिचे सासरे, डॉक्टर त्र्यंबकराव. एकमार्क त्यांचा पेशंट. शनिवारी घरी येऊन त्यांच्या ख्यालाच्या रेकॉर्ड ऐकत बसायचा. वादकांनी डोळे वटारले तेव्हा एकमार्कच्या शेजारी बसलेल्या त्र्यंबकरावांनी उभं राहून हात जोडले, ही गोष्ट इथल्या मराठी मंडळात अजून तिखटमीठ लावून सांगतात. गणपतीत कुणी गायला बसलं की हमखास कुणीतरी म्हणतं, “डॉक्टरकाकांना मागे बसवा.”

“राहू दे तो,” त्र्यंबकराव म्हणाले.

“रेकॉर्ड कंपनीला क्लीन ट्रॅक हवाय. लोक हसतील, बाबा. आणि खाली नाव माझं असणार.”

“त्याला त्या दिवशी तेवढी एकच दाद मिळाली गं.”

तिने पुन्हा ऐकलं. “तुमचा आवाज तेव्हा केवढा जाड होता.”

“खूप वर्षं झाली,” म्हणत ते चष्मा पुसत बसले.

आश्लेषाला तो ‘वा’ पुसवेना. असाच घ्या, नाहीतर माझं नाव काढा, असं तिने कंपनीला कळवलं. कंपनीने कुरकुरत मान्य केलं. तिचा जीव मात्र टांगणीला लागला.

रेकॉर्डचं प्रकाशन त्याच चर्चमध्ये, ती सगळ्यांना ऐकवून झालं. एकमार्कची नात इनग्रिड स्वीडनहून आली होती. बसायला जागा नव्हती, लोक भिंतीला टेकून उभे होते. ती शांतता आली, ‘वा!’ आला, कुणीतरी हळूच हसलंही. पण रचना संपली आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. आश्लेषाला इतका आनंद झाला की तिला रडू आलं.

इनग्रिड डोळे पुसत त्यांच्याकडे आली. आश्लेषाने घाईघाईने सांगून टाकलं, “मधला तो आवाज माझ्या सासऱ्यांचा. सॉरी.”

त्र्यंबकरावांनी सवयीने हात जोडले.

इनग्रिड गोंधळली.

“छे, तो तर आजोबांचा आवाज,” ती म्हणाली. “घरी सूप छान झालं की ते अस्संच म्हणायचे. हा शब्द ते कुठे शिकले, तेवढं मात्र आम्हाला कधी कळलं नाही.”