डाव्या गालावरचा तीळ

मुलांनो, मनात एक तंबू उभा करा. आखाडा बाळापूरजवळच्या एका गावची जत्रा आहे. तंबूच्या बरोबर मधोमध, दोन बांबूंना ताणून, पातळ पांढरा पडदा बांधला आहे. अलीकडे जमिनीवर गडीमाणसं बसली आहेत, पलीकडे बाया आणि लहान लेकरं. सिनेमाचं यंत्र गड्यांच्या बाजूला आहे. बायांना तोच सिनेमा पडद्याच्या मागून दिसतो, म्हणजे उलटा. नायक इकडे उजव्या हातानं जेवला की तिकडे डाव्या हातानं जेवतो. वर्षानुवर्षं असंच पाहत आल्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही वाटत नाही.

उभा राहिला तंबू? आता मध्यंतर झालं आहे आणि दिवे लागले आहेत.

पडद्याशेजारी शाकीर उभा होता. वय चौदा. डोक्यावर लाल गोंड्याची टोपी. ती त्याच्या कानांपर्यंतही पोचत नव्हती. सहा वर्षांचा असताना हीच टोपी घालून त्यानं या सिनेमात काम केलं होतं. बाजारात आईपासून चुकलेला मुलगा तोच. तेव्हा तंबूचा मालक मोहनसिंग त्याला मध्यंतरात खांद्यावर घेऊन गड्यांमधून मिरवायचा. लोक गाल ओढायचे, हातात रेवड्या कोंबायचे. मग काही वर्षं तंबू इकडे फिरकलाच नाही.

“बघ पोरा,” मोहनसिंग हळूच म्हणाला, “लोकांनी ओळखलं, टाळ्या दिल्या, तर या सालच्या समद्या जत्रा आपुन संगं करू. न्हाई तर सकाळच्या एस्टीत बसून घरी जाय.”

“ओळखतेत की,” शाकीर म्हणाला. “माहाच तर सिनेमा हाय.”

भोंग्यातून नाव पुकारलं गेलं. शाकीर पुढे झाला आणि सगळ्या जत्रेला पाठ असलेलं सिनेमातलं ते वाक्य बोलला.

“मी नाही हरवलो, माझी आई हरवलीय!”

आवाज आधी घोगरा निघाला, मग मध्येच फाटून चिरका झाला.

 पुढच्या रांगेतून एक जण ओरडला, “आरं, मिसरूड फुटलं की याला! माय काहून हुडकून राहिला? बायकू हुडीक!”

तंबूभर हसू पसरलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. ते एका लहानग्याला बघायला बसले होते आणि समोर भलताच कुणी येऊन उभा राहिला होता. शाकीरनंही हसून पाहिलं, पण त्याला ते जमलं नाही.

“चल, तिकडं चल,” मोहनसिंग म्हणाला. “बायांना माया असती.”

पडद्याला वळसा घालून दोघे पलीकडे गेले. तिथे खरंच कुणी हसलं नाही. पुढेच बसलेल्या म्हाताऱ्या केशरबाईनं त्याला जवळ बोलावलं, हनुवटी धरून त्याचा चेहरा दिव्याकडे वळवला आणि नीट निरखला. शाकीर तसाच वाकून उभा होता.

“न्हाई रे लेकरा,” ती म्हणाली. “तू तो न्हाईस. त्याचा तीळ उजव्या गालावर हाय. तुहा तर डाव्या.”

“बराबर हाय,” मागून दोघी-तिघी म्हणाल्या. “आमी काय त्याला आज बघून राहिलो का?”

“पण मावशी, मीच...”

“असू दे, असू दे. पोटासाठी करावं लागतं माणसाला.” केशरबाईनं त्याच्या ओंजळीत फुटाणे घातले.

मोहनसिंगनं मान हलवली. “सकाळी लवकर ऊठ,” एवढंच म्हणून तो यंत्राकडे गेला.

दिवे मालवले. शाकीरनं टोपी काढून खिशात कोंबली आणि तो तिथेच बांबूला टेकून उभा राहिला. पडद्यावर लहानगा शाकीर रडत बाजारातून धावत होता. तीळ उजव्या गालावर. शाकीरनं हळूच आपल्या डाव्या गालाला हात लावला. केशरबाई पदरानं डोळे पुसत पडद्याशी बोलत होती, “नको रडू रे माह्या राजा. येते तुही माय.”

तिच्या नातीनं, मुन्नीनं, शाकीरचा सदरा ओढला. “दादा, त्याला त्याची माय घावते का?”

“घावते.”

“तुला काय ठाव?”

 शाकीर म्हणाला, “चल, तुला एक गंमत दावतो. आजी, नेऊ का हिला पल्याड?”

“ने, पर लगेच आण,” पडद्यावरची नजर न हलवता केशरबाई म्हणाली.

त्यानं मुन्नीला खांद्यावर बसवलं आणि पडद्याला वळसा घालून तो गड्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

“दादा! त्याचा तीळ इकडं आला!”

मुन्नीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग वरूनच वाकून, पडद्याच्या उजेडात शाकीरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या गालावरच्या तिळावर तिनं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

“तू तोच हायस,” ती म्हणाली. मग जरा विचार करून तिनं विचारलं, “मंग मोठा काहून झालास?”

मुलांनो, तुम्हाला कुणी असं विचारलं तर काय सांगाल?  इतक्यात सिनेमातली आई दिसली, आणि पुढची सगळी माणसं तिला पाहायला उठून उभी राहिली.

शाकीरनं मुन्नीचे पाय घट्ट धरले, आणि टाचा उंच केल्या.